शौचालय बांधलेत, आता ते चालवण्याचा खर्चही मंजूर करा

प्रति,
राज्यातील महानगरपालिकांचे आयुक्त, नगर अभियंते आणि सर्व नगरसेवक

विषय : दाट वस्त्यांमधील शौचालयांच्या पाणी, वीज, दुरुस्ती आणि मैला उपशासाठी कायमची तरतूद करण्याबाबत

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

मी शहरातल्या एका जुन्या, दाट वस्तीत राहते आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या सामुदायिक शौचालयाचा जमाखर्च सांभाळते. पासचे पैसे गोळा करणे, केअरटेकरचा पगार, पाण्याचे आणि विजेचे बिल, मोटर जळली की ती भरून आणणे, टाकी भरली की उपशाची गाडी बोलावणे ही सगळी कामे आमच्या संस्थेतल्या आम्ही काही बायका मिळून करतो. कुठल्या एका कार्यालयाबद्दल तक्रार करावी म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. तक्रारी आम्ही त्या त्या ठिकाणी देतो आणि त्यांची पोचही घेतो. तुमच्याकडे माझे मागणे एकच आहे. नवे शौचालय मंजूर कराल तेव्हा ते पुढची वीस वर्षे कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जबाबदारीवर चालणार, हे त्याच ठरावात लिहा. जी शौचालये आज उभी आहेत, त्यांच्यासाठीही येत्या अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष उघडा.

बांधकामासाठी पैसा मिळतो, हे आम्ही वर्षानुवर्षे बघत आलो आहोत. आमदार निधी, खासदार निधी, नगरसेवक निधी, म्हाडा, महापालिका, कंपन्यांचा सामाजिक निधी, कुठून ना कुठून तो येतो. नारळ फुटतो, फरशी लागते, नावाची पाटी लागते. मग नव्याचे नऊ दिवस सरतात. पहिला नळ तुटतो आणि तो कोणी बसवायचा, यावर टोलवाटोलवी सुरू होते. ज्याने बांधले तो म्हणतो, आम्ही हस्तांतर केले. ज्याच्याकडे हस्तांतर झाले म्हणतात, त्याच्या दप्तरी नोंद नसते. एकाच वस्तीत तीन शौचालये आणि तिघांचे मालक वेगळे, ही अवस्था मुंबईत कित्येक ठिकाणी आहे.

नागरी कारभाराचा अभ्यास करणाऱ्या प्रजा फाउंडेशन या संस्थेने 2024 च्या अहवालात मांडलेली मुंबईची आकडेवारी तुम्ही पाहिली असेल. शहरातल्या सुमारे 6,800 सामुदायिक शौचालय संकुलांपैकी 69 टक्के ठिकाणी पाण्याची जोडणी नाही आणि 60 टक्के ठिकाणी विजेची जोडणी नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीतली ही गोष्ट आहे. पाणी आणि दिवा नसलेल्या संकुलाला आपण कागदावर शौचालय म्हणतो, त्याच्या सीटा मोजतो आणि त्या सीटांवरून शहराला गुण देतो.

सीटांचाच हिशोब करायचा, तर तो सकाळच्या घड्याळावर मांडून बघा. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक आणि 25 स्त्रियांमागे एक सीट हवी. एका बाईला आत जाऊन, पाणी टाकून, कपडे सावरून बाहेर यायला पाच मिनिटे धरा. पंचवीस जणींना दोन तासांहून जास्त वेळ लागला. आमच्याकडच्या धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका सात वाजायच्या आत घर सोडतात. सकाळच्या पाळीच्या शाळाही सातलाच भरतात. म्हणजे निकष तंतोतंत पाळला तरी रांग राहतेच. आता प्रजाच्या त्याच अहवालातला प्रत्यक्षातला आकडा घ्या. एका सीटमागे 86 पुरुष आणि 81 स्त्रिया. सकाळी सहाला पहिली बाई आत गेली, तर शेवटची बाहेर यायला दुपारचे पाऊण वाजतात.

म्हणून बायका पहाटे चारला उठून डबा घेऊन निघतात, किंवा संध्याकाळनंतर पाणी पिणेच बंद करतात. लघवीची जळजळ, मूतखडा, बद्धकोष्ठता हे आमच्याकडे बायकांच्या पाचवीला पुजलेले आहे. पाळीच्या दिवसांत तर मुलगी शाळेतच जात नाही, कारण मधल्या वेळेत जायला धड जागा शाळेत नाही आणि घराजवळही नाही.

हागणदारीमुक्तीच्या निकषात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार खटकते. घरात शौचालयाला जागा नसेल, तर 500 मीटरच्या आत सामुदायिक शौचालय असले की ते घर निकषात बसते. त्याच हिशोबाने ऑक्टोबर 2017 मध्ये महाराष्ट्राचा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. पाचशे मीटर म्हणजे जाऊन-येऊन एक किलोमीटर. सातवा महिना लागलेल्या बाईला, गुडघे धरलेल्या आजीला, जुलाब झालेल्या लेकराला हे अंतर रात्री दोन वाजता, बोळातून, गटारावरच्या हलत्या फरशा चुकवत पार करायचे असते. एवढे करून पोचावे तर दाराला कुलूप असते.

त्या कुलपाचे कारण मी हिशोबवहीतून सांगू शकते. शौचालय चोवीस तास उघडे ठेवायचे तर किमान दोन माणसे लागतात, रात्री दिवे लागतात आणि रात्रीसाठी वरच्या टाकीत पाणी शिल्लक ठेवावे लागते. पासातून जमणाऱ्या पैशात एकाच माणसाचा पगार निघतो, तोसुद्धा किमान वेतनापेक्षा कमी. तो माणूस, बहुतेक वेळा बायकामुलांसकट, शौचालयाच्या वरच्या खोलीत राहतो, पहाटे चारला उठतो आणि रात्री अकराला कुलूप लावून झोपतो. त्याला दोष कसा द्यायचा? रात्रीच्या माणसाचा पगार महापालिकेने द्यावा. शहरात रात्रभर रस्त्याचे दिवे जळतात, तेव्हा त्या बिलाची वर्गणी कोणी त्या त्या गल्लीकडे मागत नाही.

विजेच्या बिलाचीही तीच गत. वस्तीतल्या संस्थांनी चालवलेल्या कित्येक शौचालयांना व्यावसायिक दराने बिल येते. ज्या जागेतून कोणालाही एक रुपयाचा नफा नाही, तिला दुकानाचा दर लावायचा. मोटर चालली नाही तर पाणी वर चढत नाही, पाणी नसले तर घाण साचते, घाण साचली की लोक पास काढणे बंद करतात, पैसे आटतात आणि मग वीज कापली जाते. चांगले बांधलेले शौचालय या क्रमाने दोनतीन वर्षांत मोडकळीला आलेले मी जवळून पाहिले आहे. तिथे बांधकामात खोट नव्हती, घोडे अडले ते बिलावर. वीज आणि पाणी दोन्ही घरगुती दराने, आणि एका ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत, एवढा एक निर्णय झाला तरी निम्म्या संस्थांचा श्वास मोकळा होईल.

बायकांकडून लघवीचे पैसे घेणेही बंद करा. पुरुषांची मुतारी फुकट आणि बाईने दार उघडले की पैसे, हा अन्याय ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्या 2011 पासून मुंबईत मांडत आहेत. पुण्यातल्या एका मराठी मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे आणि त्यासाठी समित्या नेमण्याचे आदेश दिले. ते आदेश रस्त्यावरच्या, बाजारातल्या स्त्रियांसाठी होते. वस्तीतली बाईही त्याच शहराची नागरिक आहे. माणशी दर वेळी पाच रुपये पडले, तर पाच जणांच्या घराला दिवसातून एकदाच जाण्याचे महिन्याला 750 रुपये होतात. मासिक पास हा त्यातला माणुसकीचा मार्ग आहे, आणि जिथे पास नाही तिथे तो सक्तीचा करा.

आता टाकीबद्दल, कारण या पत्रातली सर्वांत निकडीची गोष्ट तीच आहे.

फेब्रुवारी 2017 मध्ये मानखुर्दला सामुदायिक शौचालयाची जमीन खचली आणि माणसे खालच्या मलटाकीत पडून दगावली. नोव्हेंबर 2018 मध्ये भांडुपला तसेच घडले. दोन्ही ठिकाणी माणसे सकाळच्या विधीला गेली होती, घरी परत आली नाहीत. या घटना अपघात म्हणून नोंदल्या गेल्या. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, ओल्या स्लॅबच्या खालच्या बाजूला त्याचे गंधकाम्ल बनते, ते सिमेंट पोखरते आणि आतली सळई गंजवते. वरून फरशी चकचकीत दिसते, खालून स्लॅब भुसभुशीत झालेला असतो. वायू बाहेर जायला उंच नळी हवी, ती कित्येक ठिकाणी मोडलेली किंवा कापलेली असते. टाकी दर दोनतीन वर्षांनी उपसायला हवी. ती उपसतात कधी, तर मैला सीटांतून वर यायला लागला की.

अभियंत्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळते. म्हणूनच विचारते, धोकादायक इमारतींची यादी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी निघते, मग टाकीवर उभ्या असलेल्या शौचालयांच्या स्लॅबची तपासणी दरवर्षी का होत नाही? पंचवीसतीस वर्षांपूर्वी बांधलेली, एकमजली, खाली टाकी आणि वर सीटा अशी शेकडो संकुले आज वापरात आहेत. तपासणीचा अहवाल शौचालयाच्या दारावर लावा. टाकी शेवटची कधी उपसली आणि पुढे कधी उपसणार, त्या दोन तारखा भिंतीवर रंगवा. त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि कार्यालयाचा फोन लिहा. याला फार खर्च येत नाही.

उपसणाऱ्या माणसाबद्दलही लिहायलाच हवे. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गटारात आणि मलटाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरवली. तरीही वस्तीत गाडी आत येत नाही, नळी पुरत नाही, म्हणून कंत्राटदार रात्री दोन पोरे पाठवतो, दोर आणि बादली घेऊन. आमच्याकडे असे एकदा घडताना बायकांनी ते काम थांबवले होते. पण थांबवल्यावर टाकी भरलेलीच राहिली आणि आठवडाभर शौचालय बंद पडले. अरुंद बोळात जाऊ शकतील अशी लहान उपसा यंत्रे, लांब नळ्या आणि मधल्या टप्प्यावरचे पंप बाजारात मिळतात. त्यांचा खर्च वस्तीतल्या संस्थेला पेलणारा नाही, महापालिकेला आहे. दर वॉर्डाला एक असे यंत्र असले आणि त्याचे वेळापत्रक ठरलेले असले, तर माणूस उतरवायची वेळच येणार नाही.

आपल्याच राज्यात हे काम नीट झाल्याचा दाखला आहे. 1999 ते 2001 च्या दरम्यान पुण्यात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, दोनेक वर्षांत 400 हून अधिक शौचालय संकुले आणि सुमारे 10,000 सीटा उभ्या राहिल्या. त्याआधीच्या सातआठ वर्षांत जेमतेम वीसबावीस संकुले झाली होती. वेग वाढला तो पद्धत बदलल्यामुळे. महापालिकेने भांडवली खर्च, पाणी आणि वीज आपल्याकडे घेतली. आराखडा, बांधकाम आणि देखभालीसाठी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या आणि कुटुंबामागे महिन्याला 20 रुपयांचा पास ठरला. दर आठवड्याला बैठक व्हायची आणि अडलेले काम तिथल्या तिथे सुटायचे. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन हा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि महिला मिलन हे बायकांचे संघटन या तिघांनी मिळून त्यातला मोठा वाटा उचलला.

महिला मिलनच्या बायका फुटपाथवर आणि झोपडपट्टीत राहिलेल्या होत्या. त्यांनी आराखड्यात ज्या गोष्टी घालायला लावल्या, त्या कुठल्याही पुस्तकी निकषात नव्हत्या. बायकांचे आणि पुरुषांचे प्रवेश वेगवेगळ्या दिशांना. रांगाही वेगळ्या, कारण एकच रांग असली की पुरुष मध्ये घुसतात. मुलांसाठी वेगळा भाग, लहान भोकाच्या सीटा आणि धरायला कठडा, म्हणजे लेकरू तोल जाऊन पडणार नाही आणि अंधाऱ्या खोलीला घाबरणार नाही. मोठी पाण्याची टाकी. केअरटेकरच्या कुटुंबाला वर खोली. हा विचार फक्त रांगेत उभ्या राहिलेल्या बाईलाच सुचतो.

माझ्या पदरचे आणखी थोडे सांगते. दाराच्या आत खुंटी हवी. ती नसते, म्हणून ओढणी, पर्स, मोबाइल कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो आणि साडीचा पदर दातात धरावा लागतो. दाराची खालची कड पाण्याने कुजते आणि वीतभर फट राहते. त्या फटीतून डोकावणारे डोळे असतात, म्हणून बायका आत बादली दाराला लावून ठेवतात. खालची कड पत्र्याची न करता फायबरची करा. कडी आतून अशी हवी, की आठ वर्षांच्या मुलीलाही लावता येईल. दिवा छताला हवा, जाळीच्या आत, आणि त्याचे बटण केअरटेकरकडे. पाळीच्या कापडापॅडसाठी प्रत्येक सीटशेजारी झाकणाचा डबा हवा. बायकांच्या भागात कोपऱ्यात एकच ठेवला, तर सगळ्यांदेखत तिथवर जायला मुली लाजतात. निदान एक सीट कमोडची, बाजूला दांडी आणि दारात पायरीऐवजी उतार हवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, पण आमच्याकडचा पोलिओने अधू झालेला एक माणूस अजून हातांवर सरकत त्या ओल्या फरशीवरून जातो.

मुंबईतही 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून वस्ती स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. त्यात आधी वस्तीची संस्था नोंदवायची, प्रौढ माणसामागे 100 रुपये वर्गणी जमवायची, मग बांधकाम, आणि पुढची देखभाल संस्थेकडे, अशी पद्धत होती. कल्पना चांगली होती आणि जिथे संस्था खरी होती तिथे शौचालये आजही चांगली चालतात. पण कित्येक ठिकाणी संस्था कागदावर राहिली आणि तिच्या नावाने एखादा स्थानिक पुढारी किंवा त्याचा माणूस शौचालय धंदा म्हणून चालवू लागला. वरच्या खोल्या भाड्याने गेल्या, पासचे दर मनाला येतील तसे वाढले. त्यावरून शहाणे लोक म्हणतात, वस्तीच्या हाती देऊ नका. मला हे मान्य नाही. वस्तीच्या हाती द्या, पण दरवर्षी हिशोब तपासा, पासचा दर ठरवून द्या, कार्यकारिणीत निम्म्याहून जास्त बायका असण्याची अट घाला आणि मोठ्या दुरुस्तीचा भार संस्थेवर टाकू नका. आमची वही कोणीही कधीही येऊन बघावी. उलट आजवर कोणी मागितली नाही, याचेच वाईट वाटते.

सामुदायिक शौचालयाबद्दल एवढे लिहिले, तरी प्रत्येक बाईच्या मनातले खरे मागणे घरातल्या शौचालयाचेच आहे. शंभरदीडशे चौरस फुटांच्या खोलीतही मोरीचा कोपरा असतो आणि तीन फूट बाय तीन फुटांत सीट बसते. पुण्यात 1993 पासून काम करणारी शेल्टर असोसिएट्स ही संस्था पुणे, पिंपरी-चिंचवड, सांगली, कोल्हापूर, ठाणे अशा शहरांत हे करते आहे. आधी वस्तीचा घराघरापर्यंतचा नकाशा, मग ज्यांच्या दारापर्यंत सांडपाण्याची नळी पोचते त्यांना भांडे, दार, पाइप, सिमेंट असे साहित्य दारात आणून द्यायचे, आणि बांधकामाची मजुरी कुटुंबाने घालायची. लोक आपला वाटा आनंदाने देतात, कारण सीट आपली असते.

सरकारी योजनेत घरगुती शौचालयाला केंद्राचे 4,000 आणि राज्याचे 8,000 मिळून 12,000 रुपये मिळत. त्या रकमेत घरातली सीट कशीबशी बसे, पण सीटपासून मुख्य गटारापर्यंतची वाट त्यात धरलेलीच नव्हती. मग लोकांनी चार इंची पाइप सरळ उघड्या नाल्यात सोडला. घर स्वच्छ झाले, पण खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या दारातून मैला वाहू लागला. पावसाळ्यात तोच नाला तुंबून सगळ्यांच्या घरात शिरतो. अशा सीटला मी सुरक्षित शौचालय म्हणू शकत नाही.

वाट काढता येते. कराचीच्या ओरंगी वस्तीत 1980 पासून अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने गल्लीगल्लीतल्या लोकांनी आपले पैसे घालून, तंत्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली, घरातला संडास आणि गल्लीतली सांडपाण्याची वाहिनी स्वतः बांधली. सरकारी दरापेक्षा खर्च कितीतरी कमी आला. मोठी वाहिनी आणि पुढची प्रक्रिया ही मात्र सरकारची जबाबदारी, असा त्यांचा स्वच्छ हिशोब होता. आपल्याकडेही अरुंद बोळात कमी खोलीवर लहान व्यासाची वाहिनी आणि प्रत्येक वळणावर लहान चेंबर असे काम होऊ शकते. नियमावलीत रुंद रस्त्याची मापे लिहिलेली आहेत म्हणून तीन फुटी बोळाला वाहिनी नाकारायची, हे बदला. भांडेही तीव्र उताराचे आणि वास अडवण्यासाठी वाकड्या नळीत कमी पाणी धरून ठेवणारे निवडा. दीडदोन लिटरमध्ये साफ होणारे असे भांडे ग्रामीण योजनांत कित्येक वर्षे वापरात आहे. ज्या घरात पाणी हंड्याने येते, तिथे प्रत्येक वेळी वाचणारे लिटर महत्त्वाचे आहेत.

मला ठाऊक आहे की इथवर वाचून तुमच्यातले काही जण जमिनीचा प्रश्न काढतील. वस्ती रेल्वेची, विमानतळाची, वनखात्याची, जिल्हाधिकाऱ्यांची, खासगी मालकाची. ना-हरकत प्रमाणपत्र नाही, म्हणून शौचालय नाही. किंवा पुनर्विकास योजना जाहीर झाली आहे, म्हणून दुरुस्ती नाही. योजना पंधरावीस वर्षे रेंगाळते आणि तोवर त्या पडक्या शौचालयात एक पिढी मोठी होते. मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले, की घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हेच तत्त्व शौचालयाला लावायला तुम्हाला कोणी अडवलेले नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 चा आहे. त्याच्या कलम 61 मध्ये सार्वजनिक शौचकूप आणि मुताऱ्या बांधणे, राखणे आणि साफ ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. इंग्रजांच्या काळात लिहिलेल्या त्या कलमात वस्ती अमुक सालापूर्वीची असावी अशी अट नाही. जमिनीवर पक्के बांधायला मालकाची हरकत असेल, तर हलवता येणारी, तयार साच्याची संकुले ठेवा. पण पाणी, दिवा आणि रोजची सफाई तिथेही द्या.

अर्थसंकल्पाचे काम दरवर्षी हिवाळ्यात सुरू होते आणि फेब्रुवारीच्या सुमारास तो मांडला जातो. त्याआधी प्रत्येक वॉर्डातल्या शौचालयांची मालकासकट यादी प्रसिद्ध करा. कोणते कोणाचे, पाणी आहे का, वीज आहे का, टाकी की गटार, शेवटचा उपसा कधी, रात्री उघडे असते का, एवढेच रकाने पुरे. ज्याला मालक सापडणार नाही, ते महापालिकेने त्याच दिवशी आपल्या नावावर घ्यावे. ही माहिती भरायला कर्मचारी कमी पडत असतील, तर वस्त्यांमधल्या बायका भरून देतील. आमच्या भागातल्या शौचालयांची यादी आम्ही तयार केली आहे, सीटांच्या आणि तुटलेल्या दारांच्या संख्येसह. त्या यादीवरून प्रत्येक संकुलाचा वर्षाचा खर्च काढता येतो. दोन केअरटेकरचे किमान वेतन, वीज, पाणी, साबण-फिनेल, किरकोळ दुरुस्ती, दोन वर्षांतून एक उपसा आणि स्लॅबची तपासणी. त्यातून पासचे उत्पन्न वजा केले की उरलेली रक्कम तुमची.

नगरसेवकांना एक वेगळी विनंती. या वर्षी तुमच्या निधीतून नवे शौचालय सुचवण्याआधी, तुमच्या प्रभागातल्या सर्वांत वाईट शौचालयाला रात्री दोन वाजता भेट द्या आणि अभियंत्यांना सोबत न्या. तिथे काय दिसले ते सभागृहात सांगा आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. तुमची पाटी दुरुस्त केलेल्या शौचालयावर लागली तरी आमची काही हरकत नाही.

या पत्राची प्रत आम्ही आमच्या वॉर्ड ऑफिसातही देत आहोत. उत्तर आले तर ते शौचालयाच्या भिंतीवर लावू, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

कळावे,

आपली,
एका वस्तीच्या शौचालयाचा हिशोब सांभाळणारी रहिवासी